आगमनकाळची पुष्पचक्रे आणि हातांचे दान

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त झरी येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी मागील काळाचे स्मरण करावे, परमेश्वराचे आभार मानावे आणि पुढील कार्याचा संकल्प करावा, अशी आपल्या ख्रिस्तसभेची जुनी वहिवाट आहे. पहिली दोन कर्तव्ये आपण पवित्र मिस्सेत पार पाडली. तिसऱ्याविषयी दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. माझा विषय दिसावयास अगदी लहान आहे. नाताळापूर्वी स्वयंसेवकांनी एकत्र बसावे, ज्या घराची जशी मागणी असेल तशी पुष्पचक्रे सजवावी, ती विकावी आणि येईल ते द्रव्य गोरगरिबांच्या उपयोगी लावावे, एवढाच तो विषय होय. कोणी म्हणेल, महोत्सवाच्या व्यासपीठावरून सांगण्याइतके ह्यात काय आहे? त्यास माझे उत्तर असे की, हे काम विनामूल्य श्रमाचे आहे; आणि विनामूल्य श्रम ह्या शब्दांना झरी गावात जो अर्थ आहे, तो दुसऱ्या गावात नाही. तो कोणता, हे मी पुढे सांगेन. आधी ह्या चक्राची कुळकथा ऐकावी.

जर्मनीतील हँबुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होऊन गेले. शहरातील दरिद्री व निराधार मुलांसाठी त्यांनी १८३३ साली एक आश्रम काढला. 'राउहेस हाउस' हे त्याचे नाव. तेथील मुले नाताळ जवळ आला की, आता किती दिवस राहिले, असे रोज विचारून त्यांस भंडावून सोडीत, असे सांगतात. तेव्हा १८३९ साली विखर्न यांनी एक चाक घेतले आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या व वीस लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला आला होता. म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर चोवीस दिवस भरत होते. रविवारी एक मोठी मेणबत्ती पेटावी, इतर दिवशी एक लहान, आणि उजेड वाढत जाईल तसतसा प्रभूचा दिवस जवळ येतो आहे हे मुलांच्या डोळ्यांस दिसावे, अशी ती योजना होती. पुढे त्या चाकास हिरव्या डहाळ्या गुंडाळण्याची रीत पडली, मेणबत्त्या चारच राहिल्या आणि हे चक्र घरोघर गेले. कॅथोलिक मंदिरांत ते बरेच उशिरा आले. १९२५ साली कोलोन शहरातील एका कॅथोलिक मंदिरात ते प्रथम टांगले गेले, असे म्हणतात. आज पुष्कळ ठिकाणी त्यावर तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती लावितात. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या, म्हणजे आनंदाच्या, रविवारी पेटविली जाते.

ह्या कथेतील एक गोष्ट आपण गाठीस बांधून ठेवावी. हे चक्र एखाद्या राजवाड्यात किंवा बाजारपेठेत जन्मले नाही. अनाथ मुलांच्या आश्रमात, त्यांच्या अधीरतेचे समाधान करण्यासाठी ते जन्मले. म्हणून पुष्पचक्र विकून गरिबांस साहाय्य करणे ही काही आजची नवी युक्ती नव्हे; ते चक्र आपल्या मूळच्या घरी परत जात आहे, एवढेच.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप नावाचा. मराठीत 'पुष्पचक्र' म्हटले की आपणांस अंत्यविधी आठवतो, कबर आठवते, हुतात्म्याचे स्मारक आठवते. मग नाताळच्या घरात ते कशास, असे आपल्या वडीलधाऱ्या माणसांस वाटले तर नवल नाही. परंतु कबरीवर आपण वर्तुळच का ठेवितो? वर्तुळास आरंभ नाही आणि शेवटही नाही. मरणाने सर्व संपत नाही, हा विश्वास आपण त्या आकाराने बोलून दाखवितो. तोच विश्वास नाताळचा आहे. तेव्हा नाव अशुभ मानून दूर लोटण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, ही परक्या देशाची चाल आहे. आपल्या पाड्यांस तिचे काय? मी म्हणतो, देश परका असेल, पण वृत्ती परकी नाही. दारास आंब्याच्या पानांचे तोरण बांधणे हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. नवे भात आले की कोकणात लोंब्या, आंब्याची पाने व रानफुले एकत्र बांधून दारावर लावितात. त्यास 'नवे' असेच म्हणतात. वसईकडील आपले बंधू ऑक्टोबर महिन्यात आगेरा साजरा करितात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत मंदिरात आणून त्यांवर आशीर्वाद मागतात आणि मगच नवे अन्न मुखी घालतात. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हापासून तर ते आणि आपण एकाच महागुरुस्वामींच्या छत्राखाली आहोत. ज्या हातांनी तोरण बांधले, नवे बांधले, ते हात पुष्पचक्र बांधावयास अडखळणार नाहीत.

आणि बांधावयाचे तर आपल्याच मातीतील वस्तूंनी बांधावे. बाजारात प्लॅस्टिकची तयार चक्रे मिळतात. ती स्वस्त असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. पण त्यांत ह्या भूमीचे काही नाही आणि आपल्या हातांचेही काही नाही. आपणांस बांबू आहे. त्याची कामटी तासून वाकविली की सुबक कडे तयार होते. त्यावर भाताचा पेंढा गुंडाळून सुतळीने आवळला म्हणजे चक्राची बैठक झाली. युरोपात देवदाराच्या जातीच्या झाडांच्या डहाळ्या लावितात; डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत, त्यांच्या बारीक हिरव्या डहाळ्या त्याच कामास येतात आणि त्यांची खरखरीत लहान फळे शोभेस उत्तम. भाताच्या लोंब्या, नागलीची कणसे, बेहड्याची फळे, सागाची फुगीर हलकी फळे, बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा, शिंदीची विणलेली पाती, झेंडू, शेवंती, इतकी सामग्री ज्यांच्या अंगणापासून अर्ध्या कोसावर आहे, त्यांनी रंगीत कागदाच्या मागे का लागावे?

मात्र चार सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. हिरवी फांदी तोडण्यापूर्वी गळून पडलेले गोळा करावे. शेजारचा डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर केला आहे, आणि सणाच्या नावाखाली रान ओरबाडणे आपणांस शोभणार नाही. गुंजेचे लाल बी कितीही सुंदर दिसले तरी ते विषारी आहे. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ते जाता कामा नये. वाळलेला पेंढा व पेटती मेणबत्ती ह्यांची संगत वाईट. म्हणून प्रत्येक मेणबत्ती मातीच्या खोलगट पणतीत बसवावी, आणि घरात कोणी नसताना ती जळत ठेवू नये. चौथी गोष्ट वारली चित्रांची. गेरूच्या तांबड्या भूमीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती पांढरी चित्रे डहाणूजवळील गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांनी जगभर नेली आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. तारप्याभोवतीचा नाच, शेतावरची कामे, झाडे, पक्षी हे सारे चक्राच्या पट्टीवर काढावयास हरकत नाही, आणि जन्मगोठ्याचा देखावाही त्या शैलीत शोभेल. परंतु लग्नाचा देवचौक ही वारली समाजाची पवित्र वस्तू आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील वस्तू आपण विक्रीच्या शोभेस वापरू नये.

मागणीप्रमाणे सजविण्याविषयी थोडे सांगावयास हवे, कारण ह्या कामाचे मर्म त्यात आहे. एकाच साच्याची शंभर चक्रे करून मांडून ठेवणे सोपे. पण ते दुकान झाले. आपण मागणीची एक वही ठेवावी. तीत घराचे नाव, चक्राचा आकार, रंग आणि दिवस लिहावा, आणि त्याबरोबर एक प्रश्न विचारावा: हे चक्र कोणासाठी? कोणाच्या घरी ह्या वर्षी लग्न झाले असेल, तेथे फुले अधिक असावी. कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तेथे पांढरी शेवंती आणि साधी हिरवळ पुरे. कोणाचा मुलगा आखाती देशात कामास असेल, कोणाचे पहिले मूल पाळण्यात असेल. प्रत्येकाचे चक्र त्याच्या घरची हकीकत ध्यानात ठेवून बांधावे. असे केले म्हणजे बांधणारा नुसत्या डहाळ्या बांधीत नाही. बांधता बांधता तो त्या घरासाठी प्रार्थना करितो. घेणाऱ्यासही कळते की, कोणीतरी अनोळखी मनुष्य माझ्या सुखदुःखाचा विचार करीत बसला होता. ही वस्तू बाजारात मिळत नाही.

आता मी आरंभी दिलेले वचन पुरे करितो.

२३ मे १९४५ रोजी ह्याच झरी गावी सुमारे पाच हजार आदिवासी एकत्र जमले होते. त्या काळी हे गाव ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. किसान सभेचे शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने ती परिषद भरली. जमीनदाराच्या शेतावर आणि घरी मोबदल्यावाचून राबावे लागे, त्यास वेठ म्हणत. लग्नासाठी थोडके कर्ज काढले की ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने धन्याकडे गुलामासारखे राबावयाचे. अशा मनुष्यास लग्नगडी म्हणत. यापुढे वेठ करणार नाही, आणि रोजाचे बारा आणे रोख मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर कामास जाणार नाही, असा निश्चय येथे झाला. त्याच वर्षी गवतकापणीच्या दिवसांत मजुरीचा प्रश्न पेटला, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड ह्यांच्यासह पाच आदिवासींचे प्राण गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात हा इतिहास लिहिला; १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या चळवळीच्या राजकीय मतांविषयी आपणांपैकी कोणाचे काय म्हणणे असेल ते असो. आज त्याचा ऊहापोह करावयाचा नाही. पण माणसास फुकट राबविणे हे पाप होय, ह्याविषयी ख्रिस्ती मनुष्यास दोन मते असू शकत नाहीत.

आता विचार करा. ज्या गावाने विनामूल्य श्रम करणार नाही असे एकदा निक्षून सांगितले, त्याच गावात आपण माणसांस म्हणतो आहोत की, या, बसा आणि विनामूल्य श्रम करा. हे कसे?

बाहेरून पाहणाऱ्यास वेठ आणि सेवा ह्यांचे रूप एकच दिसते. दोहोंत मनुष्य राबतो आणि दोहोंत त्यास पैसा मिळत नाही. भेद आहे तो आतला. पण आतला म्हणून तो दिसत नाही असे नाही. तो ओळखण्याच्या तीन कसोट्या मी आपणांपुढे ठेवितो. पहिली: त्या मनुष्यास 'नाही' म्हणता येते काय? दुसरी: तो येथे बसला म्हणून त्याच्या घरची चूल विझली काय? तिसरी: त्याच्या श्रमाचे फळ कोठे गेले, हे त्यास ठाऊक आहे काय? तिन्हींचे उत्तर नीट आले तर ती सेवा. एकाचेही उत्तर चुकले तर तिला आपण कितीही पवित्र नाव दिले, मंदिराच्या आवारात बसविले, तरी ती वेठच.

पहिली कसोटी घ्या. संत पौलाने करिंथच्या भक्तांस लिहिले आहे की, ज्याने त्याने आपल्या मनात ठरविल्याप्रमाणे द्यावे. खेदाने अथवा भाग पडले म्हणून देऊ नये. धर्मग्रामात कोणाचा शब्द मोडणे पुष्कळांस जड जाते. धर्मगुरूंनी विचारले, धर्मभगिनींनी विचारले, मुलीच्या शाळेतील बाईंनी विचारले, की गरीब मनुष्य मान हालवितो. ती मान संमतीने हालली की भीतीने, हे विचारणाऱ्याने पाहावयाचे असते. म्हणून नावे मागावी, नेमू नयेत. आणि जो आला नाही त्याची चौकशी व्यासपीठावरून कधीही करू नये.

दुसऱ्या कसोटीसाठी थोडा हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका चक्रास ८० रुपयांचे साहित्य लागले आणि ते ३०० रुपयांस गेले. साहित्य वजा जाता २२० रुपये उरले. अशी शंभर चक्रे गेली तर २२,००० रुपये झाले. आपण आनंदाने म्हणू की, घेणाऱ्यांनी गरिबांस २२,००० रुपये दिले. पण थांबा. एका चक्रास एका माणसाचा अर्धा दिवस लागतो असे धरा. म्हणजे शंभर चक्रांस पन्नास दिवस झाले. रोजची मजुरी ३०० रुपये धरली तर ते श्रम १५,००० रुपयांचे होतात. म्हणजे २२,००० पैकी १५,००० रुपये घेणाऱ्याने दिलेच नाहीत. त्यास त्याच्या पैशाच्या मोबदल्यात चक्र मिळाले. ते १५,००० रुपये दिले बांधणाऱ्याच्या हातांनी. त्या दानावर कोणाचे नाव लागत नाही, पावती फाटत नाही, पण ह्या व्यवहारातील मुख्य दाता तोच आहे.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील गोष्ट आपोआप कळते. ज्याचे महिन्याचे वेतन ठरलेले आहे, ज्याची वाडी आहे, ज्यास शाळेची सुटी आहे, त्याने चार संध्याकाळी बसून श्रम दिले तर ते त्याचे खरे दान झाले. पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याचा दिवस मागणे म्हणजे त्याच्या मुलांची भाकरी मागणे होय. बांबू तासावयास, पाती विणावयास असा कोणी कसबी मनुष्य बोलाविला तर त्यास पुरी मजुरी द्यावी, आणि ती साहित्याच्या खर्चात धरावी. उरलेले द्रव्य त्यामुळे कमी भरेल, भरू द्यावे. इंग्लंडात पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांसाठी १९२२ साली मेजर जॉर्ज हाउसन ह्यांनी कागदी व कापडी खसखशीची फुले करण्याचा कारखाना काढला. आरंभी पाच अपंग सैनिक होते. पुढे तेथून स्मरणदिनाची पुष्पचक्रे देशभर जाऊ लागली. ती चक्रे दानासाठीच विकली जात, पण ती बांधणाऱ्या अपंगांस तेथे काम मिळाले आणि कामाचे वेतन मिळाले. गरजू माणसाचे श्रम फुकट घेऊन दुसऱ्या गरजूस देणे हे दान नव्हे, हे त्या लोकांस कळले होते.

तथापि येथे कोणी मला प्रभूंनी वाखाणलेल्या त्या विधवेची आठवण देईल. तिने आपल्या दारिद्र्यातून दोन दमड्या टाकल्या आणि तिचे दान सर्वांत मोठे ठरले. खरे आहे. गरिबास देण्याचा आनंद नाकारणे हाही त्याचा अपमानच होय. पण त्या विधवेकडे कोणी मागावयास गेले नव्हते. ती आपल्या पायांनी आली. आपल्या पाड्यावरील एखादी आई दिवसभर राबून संध्याकाळी आपणहून आली, म्हणाली मलाही एक चक्र बांधावयाचे आहे, तर तिला मानाने जागा द्यावी आणि तिचे दान सर्वांत मोठे समजावे. मागू नये, आले तर परतवू नये. ह्यापरते दुसरे सूत्र मला सुचत नाही.

बंधुभगिनींनो, ह्याच ठिकाणी एक कठीण गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्या भागात चिकूच्या वाड्या आहेत, वीटभट्ट्या आहेत, बांधकामे आहेत. ही पुष्पचक्रे विकत घेणाऱ्यांत, मग ते येथील असोत की शहरातील, मजूर लावणारे लोकही असणार. त्यांस माझी हात जोडून विनंती आहे की, चक्राची मागणी नोंदविण्यापूर्वी घरची मजुरीची वही उघडून पाहावी. तीत कोणाची मजुरी थकली असेल तर आधी ती चुकती करावी. संत याकोबाने आपल्या पत्रात म्हटले आहे की, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी पोहोचतो. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' ह्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा पक्ष घेतला, आणि त्याची मजुरी बुडविणे हे घोर पातक ठरविले. न्यायाचे देणे बाकी ठेवून त्यावर दानाचे फूल ठेविले तर ते फूल देवास पोहोचत नाही.

आता तिसरी कसोटी: फळ कोठे जावे?

आपल्या तालुक्याचे दुःख आपणांस सांगावयास नको. भातकापणी झाली, दिवाळी गेली, की पाड्यापाड्यांवरून कुटुंबे बाहेर पडतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी वसई-ठाण्याकडे बांधकामावर, कोणी मिठागरावर. भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही मुले सारे बरोबर. परत येणे होळीस, नाही तर पावसाच्या तोंडी. म्हणजे ख्रिस्तसभा ज्या काळास आगमनकाळ म्हणते, तोच आपल्या पाड्यांचा निर्गमनकाळ असतो. हँबुर्गच्या आश्रमातील मुले नाताळास किती दिवस राहिले म्हणून विचारीत. आपल्याकडील म्हातारी आजी, सून व मुलगा परत यावयास किती दिवस राहिले, हे दाराशी बसून मोजीत असते. आणि जे लेकरू आईबापांबरोबर भट्टीवर गेले, त्याची शाळा त्या वर्षापुरती संपली. पुष्कळदा कायमची संपली.

असे पाहा की, पहिल्या नाताळाची कथा हीच आहे. कैसराची आज्ञा झाली म्हणून एक सुतार आपल्या गरोदर पत्नीसह गाव सोडून निघाला. वाटेत कोणी ओळखीचे नाही. उतारशाळेत जागा नाही. मूल जन्मले ते परक्या गावी, गुरांच्या गव्हाणीत. आपल्या पाड्यावरून डोक्यावर गाठोडे घेऊन निघालेले जोडपे पाहिले आणि त्यात योसेफ व मरिया ओळखू आली नाहीत, तर आपण मंदिरात मांडलेला जन्मगोठा व्यर्थ आहे. म्हणून माझे सुचविणे असे की, ह्या चक्रांचे द्रव्य इतर कोणत्याही कामी न लावता, त्या मुलांस मागे गावी ठेवून त्यांचे शिक्षण चालू राहील अशा कामी लावावे. त्यांच्या जेवणास, आजीआजोबांच्या हातास, वसतिगृहाच्या खर्चास, अंथरुण-पांघरुणास ते जावे. मंदिराची रंगरंगोटी, व्यासपीठ, ध्वनिक्षेपक ह्यांसाठी दुसरे मार्ग आहेत. आणि मूल कोणत्या धर्माचे आहे, हे विचारू नये. गव्हाणीतील बालकास पाहावयास आलेल्या मेंढपाळांस कोणी धर्म विचारला नव्हता.

पैसा द्यावयाचा कसा, हेही महत्त्वाचे आहे. विखर्न यांचा आश्रम निघाला त्याच १८३३ साली पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह संत विन्सेंट डी पॉल ह्यांच्या नावाची संस्था काढली. १९९७ साली ख्रिस्तसभेने त्यास धन्यवादित पदवी दिली. त्याची रीत साधी होती: गरिबास आपल्या दाराशी बोलावू नये, आपण त्याच्या दारी जावे, बसावे आणि त्याचे ऐकावे. आपणही तसेच करावे. साहाय्य देताना छायाचित्रे काढू नयेत, मुलांस रांगेत उभे करू नये. उलट, पैशाचा हिशेब मात्र सर्वांसमोर मांडावा. साहित्यास किती गेले, मजुरीस किती दिले, विक्रीचे किती आले, किती मुलांच्या कामी किती लागले, हे मंदिराच्या फलकावर लावावे. आणि त्याखाली एक ओळ आणखी लिहावी की, अमुक इतके दिवस हातांनी दिले. नावे नकोत, दिवसांची बेरीज पुरे. जो राबला त्यास आपले फळ दिसले पाहिजे. वेठीच्या काळी नेमके हेच दिसत नसे.

म्हणून येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वी दोन आठवडे आपण आरंभ करू. मागणीची वही उघडू, बांबू व पेंढा जमवू, आणि ज्यास जी संध्याकाळ सोयीची त्याने ती संध्याकाळ द्यावी. मुले पाती विणतील, मोठे कडी वळतील, म्हाताऱ्या माणसांस गाठी मारावयाच्या कशा हे ठाऊक आहे, ती इतरांस शिकवितील. पहिल्या वर्षी दहा चक्रे झाली तरी चालतील. पण जी होतील ती मोकळ्या हातांची असावी.

ऐंशी वर्षांपूर्वी ह्या गावच्या माणसांनी आपले हात परत मिळविले. ज्याचे हात त्याचे स्वतःचे नाहीत, त्यास दान करिता येत नाही. त्याच्याकडून केवळ घेतले जाते. आपले हात आज आपले आहेत, म्हणूनच आपण ते देवापुढे व शेजाऱ्यापुढे उघडू शकतो. हे भाग्य ज्यांच्यामुळे लाभले त्यांचे स्मरण ठेवावे, ते भाग्य ज्यांस अद्याप लाभले नाही त्यांस विसरू नये, आणि येणाऱ्या प्रभूसाठी एकेक दिवा वाढवीत जावा, एवढीच ह्या महोत्सवी वर्षात परमेश्वराच्या चरणी प्रार्थना आहे. पवित्र मरिया, आपली माता, हिच्या मध्यस्थीने ती सफळ होवो. आमेन.